गळ्यातलं

किशनराव सरांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा शिवकांताच्या हातात दिला आणि म्हणाले, "पोरींच्या गळ्यातलं, कानातलं सगळं ह्याच्यात घ्या बाई. पंच लई कडक हाय, अंगावर काहीच चालत न्हाई म्हनतो." एवढं बोलून त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि ते खो-खोच्या खुंटाकडे निघून गेले. डबा हलका होता. तळाशी थोडा चुरा होता, झाकणाच्या आतल्या बाजूला गंज होता, आणि झाकण उघडल्याबरोबर गोडसर, जुनाट वास आला. बावीस वर्षांपूर्वी तो डबा नव्हता, टोपी होती. मास्तरांची खाकी टोपी, आतून घामाने काळी पडलेली. पण हात पुढे करायची तऱ्हा तीच, घाई तीच, आणि 'काहीच चालत नाही' म्हणतानाचा तो निवांत आवाजही तोच. माणसं बदलतात, आवाज बदलत नाही, असं तिला वाटलं आणि तिचं डोकं तडकलं. गणिताच्या बाईला हा डबा धरून उभं करायला आणलंय. म्हणे मुलींबरोबर एक बाई हवी. चार महिने वर्गात मुली नव्हत्या तेव्हा बाई कुणाला नको होती.

मैदान ओलं होतं. काळ्या मातीवर पहाटेच पाणी मारून रोलर फिरवलेला होता आणि आता नऊ वाजता ती माती छान दबून, पायाला गार लागेल अशी झाली होती. तिच्यावर चुन्याच्या रेषा इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की बघवत नव्हत्या. लातूरला जिल्हा होऊन पाच महिने झाले होते आणि पाऊस गेला त्याला त्याहून जास्त. शिवकांताच्या गल्लीत आठ दिवस टँकर आला नव्हता. सकाळी तिने हंड्याच्या तळाशी उरलेलं पाणी वाटीत काढून आधी गळ्यातल्या लिंगाला घातलं, तेच तीर्थ म्हणून घेतलं, आणि उरलेल्या दोन तांब्यांत तोंड, चहा आणि दुपारच्या वरणाची डाळ कशी भागवायची याचा विचार करत ती उभी राहिली होती. आणि इथे एक अख्खा टँकर मातीला पाजला होता. शाळेच्या वसतिगृहातल्या पोरींना दोन दिवसांआड एक बादली मिळत होती, त्यातच अंघोळ, त्यातच कपडे. हेडमास्तर ईश्वरप्पांना तिने काल विचारलं होतं, मैदानाला पाणी कुठून आणणार. ते हसले होते. नव्या जिल्ह्याचा पहिला करंडक आहे बाई, मैदान कोरडं ठेवून पोरींचे गुडघे फोडायचे का, असं त्यांनी उलट तिलाच विचारलं होतं. ईश्वरप्पांना कशाचंही उत्तर येतं. म्हणून तर ते हेडमास्तर आहेत.

दानम्मा खुंटापाशी वाकून बुटाची नाडी बांधत होती. शिरूर अनंतपाळची ही मुलगी, दहावीची, संघातली एकटीच दहावीची, बाकीच्या आठवी-नववीच्या. काटक, सावळी, पळताना खांदा असा काही वळवायची की मागच्या मुलीचा हात हवेतच राहायचा. जूनमध्ये ती वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची आणि फळ्यावरचं उत्तर चुकलं की हात वर न करता नुसती भुवई वर करायची. शिवकांता ती भुवई बघून उत्तर तपासायची. गणपती उठले आणि सराव सुरू झाला. आधी शेवटचे दोन तास गेले, मग दुपारचे सगळे, मग दिवाळीनंतर सकाळचेही. तिसऱ्या बाकावर रिकामी जागा. वडील गुंडप्पा एकदा शिरूरहून एसटीने आले होते, हातात धोतराचा सोगा धरून वर्गाच्या दारात उभे राहिले, पोरीचं कसं चाललंय विचारलं. शिवकांताने सांगितलं, वर्गात येतच नाही. तेव्हा ते म्हणाले की सरांनी तर सांगितलंय पोरगी जिल्ह्याचं नाव काढणार. नापास झाली तर पुढं शिकवणार नाही, उदगीरचं एक स्थळ आलेलं आहे, पण ते बघू, नाव काढू द्या आधी. असं बोलून ते गेले. त्या माणसाचा राग करायचा की कीव, हे शिवकांताला त्या दिवशी ठरवता आलं नव्हतं. आज ठरत होतं. सगळ्यांचाच राग येत होता.

सोमवारी सराव परीक्षेचा बीजगणिताचा पेपर होता आणि सोमवारीच उपांत्य सामना. दानम्मा पेपरला बसली नाही. मंगळवारी ईश्वरप्पांनी शिवकांताला खोलीत बोलावून चहा दिला. चहा आला तेव्हाच तिला संशय आला होता. दानम्माचे चाळीस टाका, ते म्हणाले. तिने नुसतं बघितलं. अहो, सराव परीक्षा आहे, बोर्डाची नाही. चाळीस काय, पन्नास काय, आकडे सगळे सारखेच. पोरीचं मन खट्टू व्हायला नको फायनलच्या आधी. ईश्वरप्पांनी ती गप्प राहिली याचा अर्थ होकार असा घेतला, त्यांना सवयच होती, आणि ती तरी गप्प का राहिली? हा प्रश्न काल रात्रीपासून तिला टोचत होता. गुणपत्रक तिच्या पिशवीत होतं. सगळ्या चौकटी भरलेल्या, एक चौकट रिकामी.

'सगळे सारखेच.' हे शब्द तिने आधी ऐकले होते. उस्मानाबादला, तेव्हा तोच जिल्हा होता, एकोणीसशे एकसष्टच्या जानेवारीत, असल्याच दबलेल्या ओल्या मातीच्या कडेला. ती उदगीरची, पंधरा वर्षांची. दगडोबा मास्तरांनी सगळ्या तालुक्यांतून मुली निवडून जिल्ह्याचा संघ केला होता. त्यात औशाची नागम्मा होती. दोघींची जोडी होती, दोघी एकाच तुकडीत पळायच्या. नागम्मा उंच, बोलायला हळू, डब्यातली शेंगाचटणी न मागता अर्धी काढून देणारी. मास्तरांनी टोपी पुढे केली. दोरा कुणी धरला तर गळा आवळेल, काढा म्हणाले. शिवकांता म्हणाली, मास्तर, लिंग काढत नसतात. ते म्हणाले, दोन डावांचं काम आहे पोरी, देव काय पळून जातोय का. सगळे हसले. नागम्माही हसली, आणि तिने मान वाकवून दोरा काढला, म्हणून मग शिवकांतानेही काढला. दोघींचीही पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली, दोघींचाही दोरा मळका. टोपीत ती दोन, आणखी कुणाचा ताईत, कुणाची पोत. सामना संपला, जिंकले, धूळ आणि आरडाओरडा आणि गाडी सुटायची घाई. टोपीत हात घालून मास्तरांनी एक फडकं तिच्या हातावर टाकलं, एक नागम्माच्या. हे माझं नाही वाटतं, असं ती म्हणाली असावी. म्हणाली होती. मास्तर तेव्हा बोलले, "सगळे सारखेच गं. कोणतंबी घाल. चल, गाडी जाईल." आणि ती हसली. ते हसू तिला अजून आठवतं. ओठांना आलेलं, लाचार, जिंकल्याच्या धुंदीत सगळं चालून जाईल असं समजणारं हसू. बावीस वर्षं ती त्या हसण्याला शिव्या घालत आली आहे.

दुसऱ्या दिवशी घरी अंघोळ करून तिने फडकं सोडलं आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. तिच्या लिंगाला खालच्या बाजूला एक खाच होती. ती पाच वर्षांची असताना भावाच्या हातून पायरीवर पडलं होतं. आई तेव्हा दिवसभर उपाशी राहिली होती. ती खाच रोज तळहाताला लागायची, लागते हेही कळू नये इतकी. त्या सकाळी लागली नाही. काळंभोर, गुळगुळीत, निर्दोष असं काहीतरी तिच्या हातावर बसलं होतं आणि शेजारी आई विभूतीची डबी घेऊन वाट बघत होती. जन्मल्यावर स्वामींनी गळ्यात बांधलेलं, मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही, मेल्यावरही बरोबरच जायचं, आणि ते एका टोपीत बदललं. सांगितलं असतं तर शाळा त्याच दिवशी बंद झाली असती. तिने बेल वाहिला, पाणी घातलं, डोळे मिटले. तेव्हापासून ती रोज दुसरीच्या लिंगाची पूजा करते आहे. मार्चमध्ये मॅट्रिकला गणितात तिला एकोणीस गुण पडले. मे महिन्यात उदगीरच्या बाजारात दगडोबा मास्तर भेटले. तिने नमस्कार केला. त्यांनी कुठल्या गावची गं तू, असं विचारलं.

घरात बसून, एकटीने, पहिल्या पानापासून गणित करून ती ऑक्टोबरमध्ये पास झाली. मग गणिताशिवाय तिने कशावर विश्वास ठेवला नाही. गणितात एक संख्या दुसरीसारखी नसते. हे तिला फार बरं वाटायचं.

औशाला पत्र टाकावं असं तिला बरेचदा वाटलं. काय लिहायचं? तुझं माझ्याकडे आहे, माझं तुझ्याकडे. नागम्मालाही पहिल्याच सकाळी ती खाच लागली असणार, तीही गप्प राहिली असणार. दोघी एकमेकींच्या भरवशावर गप्प. लग्न, नोकरी, मूल न होणं, नवऱ्याचं जाणं, यांत वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी लातूरहून औशाला जाणाऱ्या एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती, तिच्या कपाळावर विभूती होती. बोलता बोलता शिवकांताने नागम्माचं नाव काढलं. म्हातारी म्हणाली, ती व्हय, ती तर पहिल्याच बाळंतपनात गेली, लगीन होऊन वरीस बी झालं नव्हतं. बस किल्ल्यावरून वळली आणि शिवकांता खिडकीचा गज धरून बसली. लिंगायताला बसवून मातीत ठेवतात. डावा हात मांडीवर, तळहातावर लिंग. नागम्माच्या तळहातावर शिवकांताचं लिंग, खाच असलेलं, आणि वरून माती. म्हणजे आपल्याला पुरलंय, असं तिला वाटलं. औशाला उतरून समोरच्याच बसने ती परत आली. त्यानंतर आजपर्यंत ती औशाला गेलेली नाही.

"बाई, घ्या की," कुणीतरी म्हणालं. मुली रांगेत उभ्या होत्या. बांगड्या, कानातले, एकीचा ताईत, असं डब्यात पडू लागलं. चौघी लिंगायत होत्या. पहिलीने दोरा काढून डब्यावर धरला तशी शिवकांताने झाकण लावलं. थांब, ती म्हणाली. पिशवीत सोमवारचा उरलेला बीजगणिताचा पेपर होता. तिने तो फाडून चार तुकडे केले, प्रत्येकावर नाव लिहिलं, हजेरीचा क्रमांक लिहिला, आणि एकेकीचं लिंग जिच्या तिच्या कागदात बांधून पदराच्या गाठीला वेगवेगळं अडकवलं. किशनराव सर लांबून ओरडले, बाई, किराणा दुकान मांडलंय का. मुली हसल्या. शिवकांताने वर बघितलं तेव्हा सरांचं हसू आपोआप मिटलं. दानम्मा शेवटची. तिने दोरा काढला तो असा, जसा कुणी रिबीन काढतं. तिच्या गळ्यावर दोऱ्याची फिकट रेघ होती. सामन्याकडे लागलेले डोळे, नाकपुड्या फुललेल्या. अगं, जरा तरी थांब, जरा तरी वाईट वाटू दे, असं शिवकांताच्या ओठांवर आलं. पण ही पोर तिचं ऐकण्यापलीकडे गेली होती. दानम्माचं लिंग तिने पदराला बांधलं नाही. कागदासकट डाव्या मुठीत धरलं.

आणि मग सामना सुरू झाला आणि जे व्हायला नको होतं तेच झालं. शिवकांताला आनंद झाला. दानम्मा पळत होती. एक, दोन, तीन मिनिटं झाली, रांगेतल्या मुली बसत होत्या, उठत होत्या, खो-खो असा नुसता गजर, आणि ही दोन पाठींमधून पाण्यासारखी निसटत होती. शिवकांताचा उजवा पाय आपोआप पुढे गेला, खांदा वळला. ही खांद्याची लकब नागम्माची. पंधरा वर्षांची असताना त्या दिवशी ती स्वतः अशीच पळाली होती, आणि खरं सांगायचं तर त्या दोन डावांइतकी ती नंतर कधीच सुखी नव्हती. लग्नात नाही, नोकरीत नाही. हेच तर कुणाला सांगता येत नाही. खेळ वाईट असता तर राग करणं सोपं होतं. खेळ चांगला आहे. त्याच्या कडेला उभी राहणारी ही माणसं, टोप्या घेऊन, डबे घेऊन, करंडकावर डोळा ठेवून, यांनी तो असा करून ठेवलाय की पोरीने त्यात सगळं टाकावं आणि परत मिळताना हाताला येईल ते घ्यावं. लोक टाळ्या वाजवत होते. दहाबारा बायका रिकाम्या घागरी कडेला ठेवून कुंपणाबाहेर उभ्या होत्या, त्याही बघत होत्या. शिवकांताची मूठ घामाने ओली झाली. दोन गुणांनी शाळा जिंकली.

मग खुर्च्या, हार, माईक. पाहुणे जिल्ह्याच्या नव्या कचेरीतून आलेले, सारखं घड्याळ बघणारे. ईश्वरप्पा बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या अंगात आलं. नवा जिल्हा, नवं रक्त, मागासलेपणाचा शिक्का. दानम्माला त्यांनी पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. लोक म्हणतात खेळाने अभ्यास बुडतो, ते म्हणाले. ही आमची दानम्मा बघा. रोज सहा तास मैदानावर, आणि आत्ताच्या सराव परीक्षेत बीजगणितात चाळीस गुण. टाळ्या पडल्या. दानम्माने चमकून ईश्वरप्पांकडे बघितलं, मग गर्दीत शिवकांताला शोधलं, आणि ती हसली. ओठांना आलेलं, लाचार, सगळं चालून जाईल असं समजणारं हसू.

शिवकांता कधी उठली ते तिला कळलं नाही.

"शून्य," ती म्हणाली. माईक नव्हता, पण वर्गात साठ मुलांना ऐकू जाणारा आवाज होता. "ती पेपरला बसलीच नाही. तिला बसू दिलं नाही. शून्य आहे."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत, मागच्या बाजूने थोडा वेळ चालूच राहिल्या, मग त्याही विझल्या. ईश्वरप्पांचा हात मुलीच्या खांद्यावर तसाच होता. पाहुण्यांनी पहिल्यांदाच घड्याळ सोडून कुणाकडे तरी बघितलं. बाई गणिताच्या आहेत, शिस्तीच्या आहेत, असं काहीतरी ईश्वरप्पा हसत हसत म्हणाले, आणि किशनराव सरांनी घाईने करंडक उचलून वर धरला. पण शिवकांताला हे काही दिसत नव्हतं. तिला फक्त दानम्माचं तोंड दिसत होतं. ते हसू पुसलं जाताना तिने बघितलं. शब्द सुटला तेव्हा तो ईश्वरप्पांना लागेल, दगडोबा मास्तरांना लागेल असं तिला वाटलं होतं. तो लागला पंधरा वर्षांच्या एका मुलीला, तीनचारशे माणसांसमोर.

खुर्च्या उचलल्या गेल्या. तिघी मुली येऊन आपापला कागद घेऊन गेल्या, बाईंकडे न बघता. डबा कुणीतरी परत नेला. ईश्वरप्पा जाताना उद्या ऑफिसात या एवढंच म्हणाले. ऊन चढलं होतं आणि मैदानाची माती आता कडेने फिकट पडू लागली होती, टँकरभर पाणी बघता बघता उडून चाललं होतं. दानम्मा लांबच्या खुंटाला टेकून बसून राहिली. शिवकांता आपल्या जागी उभी. मूठ तशीच. अर्ध्या तासाने मुलगी उठली आणि तरातरा चालत आली. तिचे डोळे लाल होते, पण आता त्यात पाणी नव्हतं.

"माज्यापाशी एकटीला म्हनला असताव तर चाललं असतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर कशाला म्हनलाव बाई?"

चुकले, असं म्हणायला हवं होतं. शिवकांताने मूठ उघडली. कागद घामाने चिकटला होता. दानम्माने तो सोडवला, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, अंगठ्याने सगळीकडून चाचपलं. तेवढ्यात तिचा चेहरा वेगळा झाला. सकाळी रिबिनीसारखा दोरा काढणारी ती ही नव्हती.

"हे माजंच हाय नव्हं? बदललं न्हाई?"

"तुझंच आहे."

"आन् शून्य?"

"तेही तुझंच," शिवकांता म्हणाली. "मार्चला दोन महिने आहेत. त्याच्यावर पुढचं सगळं करता येतं."

दानम्माने दोरा गळ्यात घातला. राग गेलेला नव्हता, तिने तो लपवलाही नाही. हातातल्या कागदाच्या तुकड्यावर तिचं नाव होतं आणि नावाखाली छापलेला एक प्रश्न, दोन नळांनी एक टाकी किती वेळात भरेल असा. तो तिने दोनदा वाचला. भुवई किंचित वर गेली.

"मग ते चाळीस कुनाचे हुते?"

शिवकांताचा हात पदराखाली गेला. बावीस वर्षांत पूजेची वेळ सोडून तिने ते कधी बाहेर काढलं नव्हतं. तिने फडकं सोडलं, ते काळंभोर, गुळगुळीत, कुठेही खाच नसलेलं लिंग तळहातावर ठेवलं आणि हात मुलीसमोर धरला.

"हे जसं नागम्माचं, तसेच तेही दुसऱ्या कुणाचे," ती म्हणाली.

"कोन नागम्मा?"

शिवकांता तिथेच खाली मातीवर बसली, आणि थोड्या वेळाने दानम्माही तिच्यासमोर बसली.